काटा अर्ध्याखाली नाही

—अहो तिथे नका हात लावू मास्तर, तिथे आत्ता पुसलंय — लावा, लावा, गंमत केली! गाडी बघायला आलात आणि हात लावायचा नाही म्हणजे काय, लग्नाला यायचं आणि जेवायचं नाही? लावा. दार उघडा, लावा, पुन्हा उघडा. आवाज ऐकलात? धप्प. खण्ण नाही, धप्प. मी काचा बसवायचं काम करतो, मला आवाज कळतो. आणि मास्तरच ना तुम्ही? वहिनी फोनवर बोलत होती तेव्हा ऐकलं — गणिताचे मास्तर आहेत, सभ्य वाटतात, यांच्याशी नीट वाग. नीट वाग! मी वाईट कधी वागलो? तुमच्याआधी चार जण येऊन गेले, चौघांशी नीटच वागलो. पहिल्याने विचारलं डिकीवर मागे पंख बसवता येईल का — म्हटलं, उडवायची आहे का? दुसरा चाकाला लाथ मारून बघायला लागला. चाकाला लाथ! मी म्हटलं, आजारी माणसाला दवाखान्यात असं तपासतात का? तिसरा म्हणाला फक्त सुट्टीच्या दिवशी काढणार. अहो, ही रोज चालणारी गाडी आहे, हिला सहा दिवस अंधारात ठेवलं तर ही रुसेल. चौथ्याचं काय झालं ते राहू दे. वर बघू नका, वहिनी गॅलरीत उभी आहे — वाळत घातलेल्या कपड्यांच्या मागे, आपल्याला दिसत नाही असं तिला वाटतं. सकाळीच मला बजावलंय, हा पाचवाही पळाला ना, तर मी जुन्या गाड्यांच्या दुकानवाल्याला किल्ली देऊन मोकळी होते. आणि ती करते हां. बोलते कमी, करते जास्त. म्हणून तर आज गाडीच्या कागदांची फाइलसुद्धा माझ्या हातात नाही दिली, तुमच्या दिली.

बसा ना. बसा स्टीअरिंगवर. मी? मी असा खिडकीशीच उभा राहतो, बरा आहे. नाही, त्या बाजूच्या सीटवर नको — पाठ दुखते माझी, उभं राहिलेलं बरं. तर काय विचारलंत — ही दादाची गाडी. माझा मोठा भाऊ. लिफ्ट दुरुस्त करायचा. वीस वर्षं वर-खाली, वर-खाली, लोखंडी खोक्यात. म्हणायचा, धाकट्या, आयुष्य सगळं उभं गेलं, आता एक आडवी पळणारी वस्तू पाहिजे. सगळ्या घराने म्हटलं साधी घे, छोटी घे, बाजारहाटाला बरी. हा गेला आणि ही घेऊन आला. दुसऱ्याने तीन वर्षं वापरलेली, पण टर्बो इंजिन, सहा गिअर, हे इथे स्पोर्टचं बटण — दाबा, दाबा, बंद गाडीत काही होत नाही. वहिनी दोन दिवस बोलली नाही त्याच्याशी. तिसऱ्या दिवशी कामाला सोडायला म्हणून बसली, आणि उतरताना म्हणाली, संध्याकाळी घ्यायला पण ये. संपला विषय!

आणि लोकांना वाटतं, अशी गाडी म्हणजे हत्ती. हत्ती नाही हो. हिच्या सवयी सांभाळल्या की ही गाय आहे. सकाळी चालू केलीत की लगेच पाय दाबायचा नाही. आपण उठल्या उठल्या पळतो का? दोन-तीन मिनिटं हळू न्यायची, तेल सगळीकडे पोचू द्यायचं. लांबून जोरात पळवून आणलीत की लगेच बंद करायची नाही, मिनिटभर तशीच उभी ठेवायची, टर्बोला दम खाऊ द्यायचा. वहिनी चिडायची — घराखाली येऊन हे दोघे गाडीत नुसते बसून राहतात, वर चहा गार होतोय. तेल आठ हजार किलोमीटरवर बदलायचं. पुस्तकात पंधरा लिहिलंय, पण पुस्तकवाल्याला गाडी विकायची असते, चालवायची नसते, असं मिस्त्री म्हणतो. मिस्त्री म्हणजे आमचा गाडी मिस्त्री, त्याचा नंबर फाइलच्या पहिल्या पानावर आहे. स्वभावाने खवट पण हात सोन्याचा. टायरची हवा गाडी गार असताना बघायची, पंपावर पोचेपर्यंत टायर तापतात आणि आकडा खोटं बोलतो. टायर बघा किती पातळ आहेत. म्हणून मोठा स्पीडब्रेकर आला की सरळ नाही जायचं, जरा तिरकी घालायची — एक चाक, मग दुसरं, मग तिसरं. मागचा माणूस शिव्या देतो. देऊ दे, त्याच्या गाडीचं पोट घासत नाही.

पेट्रोल? आता आलात मुद्द्यावर. पंच्याण्णव. भाव नव्हे हो, पंच्याण्णव ऑक्टेनचं, ते महागातलं. साधं घातलंत तर मरणार नाही ती, पण चढावर कुरकुरते, आतून टकटक टकटक. ॲव्हरेज म्हणाल तर — खरं सांगू? माझ्या पायाखाली नऊ देते. दादाच्या पायाखाली चौदा द्यायची. तीच गाडी, तोच रस्ता! दादा म्हणायचा, तुझ्या पायाला मेंदू नाही. बरोबर आहे, आठवीपर्यंतचा मेंदू, तो डोक्यालाच पुरत नाही, पायाला कुठून देऊ? आणि भरताना पंपवाल्याची नळी पहिल्यांदा टक्क झाली की बास. तो म्हणतो राउंड फिगर करतो, अजून थोडं मावतं. मावतं, पण तसं गळ्यापर्यंत भरायचं नाही, वाफेला जागा लागते. दादा नळी टक्क होण्याआधीच हात वर करून उभा असायचा, रेफरीसारखा.

आणि फाइलमधल्या त्या पेट्रोलच्या पावत्या — हो, त्याच, मागची बाजू बघा. हाहा! सापडलं ना? ही त्याची सवय. प्रत्येक पावतीच्या मागे किलोमीटर लिहायचा आणि खाली काय करायचं राहिलंय ते. वही नाही ठेवायचा, म्हणायचा वही घरी राहते, पावती खिशात येते. वाचा ना. काय आहे? ‘मागचं उजवं — हवा.’ पुढची? ‘वायपर रडतोय.’ हो, रडायचाच तो, मीच बदलला. अजून एक बघा, त्यात माझं नाव असेल. ‘धाकट्याला चप्पल घालून गाडी चालवू नको सांगणे.’ बघा! पेट्रोलच्या पावतीवर! गाडीची कामं आणि माझी कामं एकाच यादीत. तेल, ब्रेक, धाकटा. आणि लिहिलं की करायचाच हां. लिहिलेलं काम तसंच राहिलं असं या माणसाच्या आयुष्यात झालं नाही. काम झालं की त्यावर आडवी रेघ. बघा, सगळ्यांवर रेघा आहेत. मला सांगितलं म्हणजे काय, अर्धा तास सांगितलं, चपलेच्या विषयावर अर्धा तास! मग रेघ.

बघताय तो काटा बरोबर आहे. बिघडलेला नाही. अर्ध्याच्या जरा वर. माझ्याकडे कायम अर्ध्याच्या वरच असतो. दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी जातो, भरून आणतो. का म्हणजे? पेट्रोलचा पंप टाकीच्या आत असतो मास्तर, पेट्रोलमध्ये बुडलेला, त्यानेच तो गार राहतो. टाकी कोरडी ठेवली की पंप तापतो, लवकर जातो. मिस्त्रीने सांगितलंय. पाव टाकी चालते म्हणाला तो, पण मी अर्धी धरतो. सावधगिरी. पाव धरतात ते आळशी लोक. असं काय बघता? शाळेत पण असंच बघायचे, उत्तर बरोबर आलं तरी पद्धत कुठे आहे विचारायचे. नसते पद्धती सगळ्यांकडे!

बरं, तुम्ही गणितवाले आहात तर मला एक सांगा. टाकी समजा भरलेली आहे. अर्धी वापरली. वर नवीन अर्धी ओतली. ढवळलं गेलं सगळं. पुन्हा अर्धी वापरली, पुन्हा ओतली. असं करत राहिलं — तर ते पहिलं जे होतं, अगदी पहिलं, ते संपतं का कधी? पूर्ण? थेंब न थेंब? … नाही ना! नाही ना संपत? अर्ध्याचं अर्धं, त्याचं अर्धं — बोटं काय मोजताय, नाही संपत! मला माहीत होतं! मिस्त्री मला म्हणतो वेडा आहेस, कधीच उडून गेलं ते. म्हटलं मला आठवीतच काढलं शाळेतून, पण एवढं मला कळतं. थांबा, त्याला सांगतो आज, मास्तर म्हणाले म्हणून.

काही नाही हो. असंच विचारलं. कुठलं पहिलं म्हणजे — दादाने भरलेलं. म्हणजे मीच भरलं, तो बसला होता. इथे, बाजूच्या सीटवर. सात महिने झाले. गाडी त्यानंतर एकदाही अर्ध्याच्या खाली गेलेली नाही. म्हणजे आत थोडंसं तरी त्याचं आहे. तुमच्याच हिशेबाने. हसू नका — हसा, मला चालतं, मी पण हसतो. रात्रपाळीच्या वॉचमनला सांगितलं तर तो महिनाभर गाडीला नमस्कार करून जात होता.

आता एवढं सांगितलं तर पुढचं पण सांगतो, पण आवाज खाली, ती वर आहे. त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी दादाने मला किल्ली दिली — स्टेशनवर वहिनीच्या मावशीला सोडून ये म्हणाला. सोडलं मावशीला. गाडी रिकामी, रस्ता रिकामा, आणि हे बटण. मी घरी येण्याऐवजी बाहेरच्या मोठ्या रस्त्याला लागलो. गेलो आणि आलो, गेलो आणि आलो, काय पळते हो ही, एकटाच मोठ्याने हसत होतो! काटा तळाला लागला, पिवळा दिवा लागला, तेव्हा घरी आणून उभी केली. म्हटलं सकाळी कामावर जायच्या आधी भरून ठेवू, त्याला कळणार पण नाही. सकाळी मला जाग आली ती दादाच्या हाकेनेच. वहिनी कामावर गेली होती, ती चष्म्याच्या दुकानात आहे, दुकान लवकर उघडतं. दादा पलंगाच्या कडेला बसलेला, अंगावर घाम, छातीवर हात. म्हणाला, धाकट्या, घाबरू नको, किल्ली घे.

आणि खाली आलो, चालू केली, तर पिवळा दिवा. मी विसरलोच होतो. पूर्ण विसरलो होतो. दवाखाना बारा किलोमीटर. मी म्हटलं जाईल, ओढून नेऊ. तो म्हणाला, काटा बघ, मध्येच बंद पडली तर मला खांद्यावर घेऊन जाणार आहेस का? डावीकडे पंप आहे, घे. मी घेतली. मी म्हटलं पाच लिटर टाका लवकर. आणि हा — छाती दाबून बसलेला माणूस — खिडकीची काच खाली करून पंपवाल्याला म्हणतो, फुल कर. पंच्याण्णव. टक्क झालं की थांब. मी ओरडलो त्याच्यावर, दादा, वेळ जातोय! तर म्हणतो, साधं घातलंस तर चढावर कुरकुरेल, मग अजून वेळ जाईल. हसला पण. पांढरा पडला होता आणि हसत होता. पावती घेतली, डॅशबोर्डवरचं पेन घेतलं, मांडीवर ठेवून काहीतरी लिहिलं. मी म्हटलं, आत्ता किलोमीटर लिहायलाच पाहिजेत का! त्याने पावती शर्टाच्या खिशात ठेवली.

दवाखान्यात स्वतःच्या पायाने चालत गेला. दोन दिवस होता. तिसऱ्या दिवशी सकाळी — हं.

मी डॉक्टरला विचारलं. बाहेर गाठून, एकट्याला. म्हटलं पाच मिनिटं आधी आणला असता तर? तो म्हणाला, पाच मिनिटांनी काही झालं नसतं, तू डोक्यात ठेवू नकोस. चांगला माणूस होता, खांद्यावर हात ठेवला. पण डॉक्टर सगळ्यांना तसंच सांगत असतील ना? तुम्ही नापास पोराला काय सांगता — पेपर अवघड होता. आणि वहिनी दुकानातून धावत आली तेव्हा पहिलं तिने विचारलं, वाटेत वेळ लागला का? मी म्हटलं, नाही. सरळ आलो. कुठे थांबलो नाही. तोंडातून निघून गेलं. मग ते परत आत कसं घालायचं? आज सांगू, उद्या सांगू. ती माझ्या ताटात वाढत असते, मी खाली मान घालून जेवत असतो, आणि जेवलो की खाली येऊन गाडी पुसतो. ती म्हणते, तू गाडी चालवत नाहीस, गाडीची सेवा करतोस. विकू या, आणि तू जरा माणसात ये. ती म्हणते ते बरोबरच आहे. पण तिला खरं कारण माहीत नाही. तुम्ही बोलू नका हां. तुम्ही तर आता गाडी घेऊन जाल, तुमचा-आमचा संबंध किती, म्हणून बोलून गेलो. मी कुणाला बोललो नव्हतो. मिस्त्रीला पण नाही.

तर ब्रेकचे पॅड पुढचे नवीन आहेत, ते सांगायचं राहिलं. आणि ही उजवी आरशाची काच मी स्वतः बसवलीय, आधीचीला केसाएवढा तडा होता — काय? काय सापडलं? कुठल्या कप्प्यात, शेवटच्या? त्यात काही नसतं, त्यात गाडीच्या रंगाचा नंबर असतो. पावती? असेल एखादी. फाइल सात महिने वहिनीच्या कपाटात आहे, मी उघडलेली नाही. प्लॅस्टिकमध्ये वेगळी घालून ठेवलीय? बघू. अक्षरं उडालीत ना? त्या पावत्यांची शाई टिकत नाही, दोन महिन्यांत कागद कोरा — उडालेली नाहीत? निळ्या पेनने गिरवलीत?

द्या इकडे.

तारीख. नऊ वाजून अकरा मिनिटं. पंच्याण्णव. एकेचाळीस लिटर.

हे वहिनीचं अक्षर आहे. हा एकचा आकडा असा, खाली पाय काढलेला — वाणसामानाच्या यादीत असाच एक काढते ती. म्हणजे शाई उडायला लागली तसं तिने — बसून, एकेक आकडा — कधी? मी खाली गाडी पुसत असताना? दवाखान्यातून कपड्यांची पिशवी तिच्याच हातात दिली होती. शर्ट तिनेच धुतला. धुण्याआधी खिसे बघतेच ती, माझेही बघते, स्क्रू निघतात. म्हणजे पहिल्या दिवसापासून. आणि दवाखान्याच्या कागदावर पोचल्याची वेळ होती, ते कागद पण तिनेच भरले होते. तिला — मी “सरळ आलो” म्हणत होतो, आणि तिला —

मागे? मागे किलोमीटर असतील. तुम्हीच वाचा. मला दिसत नाहीये. … नका, नका वाचू मास्तर, थांबा, मीच वाचतो. हे त्याचं आहे. वाकडं आलंय, मांडीवर लिहिलं ना. किलोमीटर आहेत. खाली —

‘धाकट्याने काटा तळाला नेला. घरी गेल्यावर ओरडणे.’

ओरडणे. हाहाहा! ओरडणे! बघा हो हा माणूस! छातीत कळा, आणि हा — मला वाटलं त्याला कळलंच नाही! तो मोठ्या रस्त्यावरचा खेळ, मला वाटलं माझं एकट्याचं गुपित! किलोमीटर बघून ओळखलं असणार, काल एवढे, आज एवढे, मावशीचं स्टेशन काय परदेशात आहे? आणि गाडीत एक शब्द नाही बोलला. घरी गेल्यावर. सावकाश. बसवून, अर्धा तास, चपलेसारखं. घरी जायचंच होतं त्याला. ठरवूनच चालला होता — जायचं, बरं व्हायचं, घरी यायचं, धाकट्याला धरायचा.

रेघ नाही यावर. बघा ना. सगळ्यांवर आहे, यावर नाही.

आणि ती हे वाचून बसलीय. सात महिने. दोन्ही बाजू. मला वाढते, माझे खिसे बघते, आणि एक अक्षर बोलत नाही — वाट बघत होती का मी सांगायची? का ओरडायचं काम दादाचं, आपलं नाही, असं तिला वाटत होतं? आणि आज फाइल तुमच्या हातात — मास्तर, तिने ती माझ्या हातात का नाही दिली? कारण मी उघडली नसती. मी उघडलीच नसती हो. तुम्ही मास्तर लोक, तुम्ही शेवटच्या कप्प्यापर्यंत बघणारच.

उतरा. नाही, चिडलो नाहीये, उतरा ना. गाडी तुमची, शब्द दिला, रविवारी या, तुमच्या मिसेसना पण आणा, चालवून बघा, पाहिजे तिथे हात लावा. आज नाही. आज मला ही लागणार आहे. सात महिन्यांत वहिनी हिच्यात बसलेली नाही, तिला बसवतो, मोठ्या रस्त्याने नेतो, लांब नेतो, काटा खाली गेला तर जाऊ दे, पिवळा दिवा लागला तर लागू दे, मग दोघं मिळून भरू. पंच्याण्णव. पण त्याच्याआधी वर जातो. माझी बोलणी बाकी आहेत मास्तर, सात महिने बाकी आहेत, ती आता तिच्याकडूनच खायला लागणार. अर्धा तास तरी. पेन आहे का तुमच्याकडे? रेघ मारायला. मास्तरांकडे असतंच. लाल? चालेल, लालच द्या.

फाइल? ठेवा सीटवर. पावती माझ्याकडे राहील, रविवारी पेन परत देतो.

वहिनी! अगं ए वहिनी! कपड्यांच्या मागे उभी आहेस ते दिसतंय मला! दार उघड, वर येतोय!

तुम्ही अजून इथेच? जा हो मास्तर. आता हे घरातलं आहे.